बेचाळीस जण ठीक आहेत

त्या रुग्णालयाच्या कार्यालयात ताई सव्वीस वर्षं कारकुनी करत होत्या. शिकाऊ डॉक्टर यायचे, तीन वर्षांत पार वाळून जायचे आणि मोठे डॉक्टर होऊन निघून जायचे. त्यांच्या रजा, त्यांच्या हजेरीचे घोळ, सगळं ताईंच्या गळ्यात. स्वतःला मूल नाही, पण दर वर्षी चौदा पोरं पदरात पडतात, असं त्या हसून सांगत.

त्या वर्षी वरून हुकूम सुटला. प्रत्येक शिकाऊ डॉक्टरने मन शांत ठेवण्याचा ऑनलाइन कोर्स करायचा. सहा आठवडे, रोज दहा मिनिटं, आपापल्या सोयीने. सोय म्हणे! ज्याला धड जेवायला मिळत नाही, त्याने डोळे मिटून श्वास कधी मोजायचा? पोरं आपापले पासवर्ड घेऊन ताईंकडे आली. दुसऱ्या वर्षाच्या एका अबोल मुलीने तेवढं विचारलं, "ताई, आठवड्याचे ते प्रश्न कुणी वाचतं का हो?"

"छे गं, नुसता सोपस्कार," ताई म्हणाल्या आणि तिचाही पासवर्ड वहीत उतरवून घेतला.

मग रोज दुपारी संगणकातून मऊ आवाज यायचा, "खांदे सैल सोडा," आणि ताई रजेचे अर्ज फाइलला लावायच्या. आठवड्याच्या शेवटी पाच प्रश्न. झोप लागते का, भूक लागते का, असले. ताई सगळीकडे "ठीक आहे"वर टिचकी मारत. एका बैठकीत बारा-बारा डॉक्टर ठणठणीत.

एकटा लंबू स्वतः कोर्स करायचा. पहिल्या वर्षाचा, दारातून वाकून आत येणारा, न चुकता ताईंच्या खोकल्याची चौकशी करणारा. चौथ्या आठवड्यात तो आला तेव्हा वाकायचंच विसरला. कपाळ चौकटीवर आपटलं, तरी त्याने हात लावून पाहिलं नाही.

"ताई, माझंही तेवढं उरकून टाका."

"का रे? तू तर शहाण्यासारखा करत होतास."

"नको वाटतं आता," असं म्हणून पासवर्डची चिठ्ठी टेबलावर ठेवून तो गेला.

ताईंनी त्याचं खातं उघडलं. पडद्यावर लिहिलं होतं, "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, झोप नाही, जगणं नकोसं झालंय. अजूनही तसंच वाटतं का?"

ताईंनी ते दोनदा वाचलं. पण हे साहेबांच्या हाती लागलं तर? गेल्या वर्षी एक पोरगी अशीच मन मोकळं करून बसली, आणि कायमची 'कच्ची' ठरली. माझ्या पोराच्या नावाला बट्टा नको. त्यांनी "ठीक आहे" दाबलं.

पडद्यावर लगेच उमटलं, "छान! आज चार वाजताची समुपदेशकांशी ठरलेली भेट रद्द केली आहे."

ताईंनी मागे जाऊन पाहिलं. उत्तर बदलता येईना. लंबू फोन उचलेना. चारला पाच मिनिटं होती. नोकरी गेली खड्ड्यात, असं म्हणत त्यांनी समुपदेशक बाईंना फोन लावला.

"बाई, चारच्या भेटीला जो येणार होता ना, त्याचं आजचं उत्तर खोटं आहे. ते मी दिलंय. त्याला शोधा हो!"

पलीकडे दार उघडल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने बाई परत आल्या. "इथेच होता, बाहेरच्या बाकावर. भेट रद्द झाल्याचा निरोप वाचून निघालाच होता. आत बसवलाय त्याला."

ताईंना रडूच कोसळलं. बाईंनी त्यांना रडू दिलं.

"ताई, माझ्या यादीत बाकीचे एकेचाळीसही ठीकच दिसतात. तीही उत्तरं तुमचीच का?"

ताईंनी वही पुढे ओढली आणि नावांवरून बोट फिरवू लागल्या. अबोल मुलीच्या नावावर बोट थांबलं. आठ दिवस हजेरीपटावर तिची सही नव्हती, आणि तिचा रजेचा अर्जही आला नव्हता.