चुलीवरच्या माळ्यावरचं पुस्तक

माझा आवाज मोठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. चौतीस वर्षं शाळेत शिकवल्यावर या दोन्ही गोष्टी अंगातून जात नाहीत. निवृत्त झाल्यावर आमच्या कापडे गावात समाजमंदिराच्या मागच्या खोलीत मी वाचनालय सुरू केलं, तेव्हा लोक म्हणाले, "बाई हायत तवर पुस्तक हरवायचं नाय." मला ती स्तुती वाटली.

नवीन पुस्तकं आली की त्यांचे फोटो मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. मुंबईतली मंडळी तिथे अंगठे दाखवतात, वाचायला मात्र गावातल्या बायका येतात. गेल्या उन्हाळ्यात महाडला माहेर असलेल्या एका लेखिकेने आपल्या नव्या कादंबरीच्या सहा प्रती पाठवल्या आणि कळवलं, दसऱ्यानंतर येते, ज्यांनी वाचली असेल त्यांच्याशी गप्पा मारायला. आमच्याकडे लेखक येण्याची ही पहिलीच वेळ. मी हुरळून गेले. सगळ्या प्रतींना प्लास्टिकची कव्हरं घातली आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. पाहुण्या येतील तेव्हा पुस्तकं कोरी करकरीत दिसायला हवीत, ही माझी अक्कल. त्यातली एक प्रत एका बाईने हट्टच धरला म्हणून दिली.

ती बाई माझी जुनी विद्यार्थिनी. चौथीत असताना धाकट्या भावंडांना सांभाळायला तिला घरी बसवलं होतं. तीसेक वर्षांनी, नवरा मुंबईला नोकरीवर आणि मुलगा महाडला कॉलेजात असताना, ती वाचनालयात आली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. दर रविवारी वरच्या वाडीतून तासभर चालत यायची. तिचं येणं मला फार आवडायचं, पण ते मी तिला कधी सांगितलं नाही. शिक्षकांना असली घाण सवय असते.

भरपावसात ती दोन महिने आली नाही. श्रावणात पुस्तक परत घेऊन आली, तर पानं पिवळट पडलेली आणि धुराचा उग्र वास. खोलीत आठ-दहा बायका होत्या. मी पुस्तक नाकाला लावलं आणि माझा तोल गेला. "अगं, हे पुस्तक आहे की सुका बोंबील? तुला नवीन पुस्तक दिलं हीच माझी चूक." बायका हसल्या. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, छत्री घेतली आणि गेली. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. निरोप धाडला तर उलट निरोप आला, "कामं हायत."

गणपती गेल्यावर मी कपाट उघडलं. कुलपातल्या पाचही प्रतींवर पांढरी बुरशी. प्लास्टिकच्या आत दमट होऊन पानं एकमेकांना अशी चिकटली होती की सोडवायला गेले तर फाटायची. मग ती धुरकट प्रत उघडून पाहिली. तिचं पान न् पान सुटं होतं.

दुसऱ्या दिवशी धापा टाकत वरची वाडी गाठली. तिने बसायला चटई टाकली आणि मी विचारल्यावर चुलीवरचा माळा दाखवला. पेंढ्यात बांधलेलं भाताचं बियाणं, राख लावलेलं काकडीचं बी, मक्याची कणसं, आणि त्यांच्या मधोमध एक रिकामी फळी. "बी ठेवतो तितंच ठेवलं व्हतं, बाई. पावसात खाली काय बी टिकत नाय."

पुढच्या वर्षीच्या पिकाशेजारी तिने माझ्या पुस्तकाला जागा दिली होती. मला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. "माझं चुकलं," मी म्हणाले.

तिने चहा गाळून पुढे केला. "इतं बोलून काय उपेग? बोललात सगळ्यांफुडं."

खरंच होतं ते.

भातकापणीच्या आधीच्या रविवारी लेखिका आल्या. खोली भरली होती. शाल, नारळ झाल्यावर त्यांनी हौसेने विचारलं, "कोणी कोणी वाचली कादंबरी?" एकही हात वर नाही. होणार कुठून, किल्ली माझ्या कमरेला होती. समारंभाच्या धावपळीत मी स्वतःही ती वाचली नव्हती. तेवढ्यात दाराशी ती उभी दिसली. मी उठले आणि कुलूप, बुरशी, माळा, माझं वाकडं बोलणं, सगळं सांगून तिची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज फुटेना. "मागं ऐकू येत नाय, बाई," कोणीतरी ओरडलं. म्हणून सगळं पुन्हा एकदा, मोठ्याने सांगावं लागलं.

"मी वाचलीय," ती दारातूनच म्हणाली. "दोनदा." आणि तिथूनच तिने कादंबरीतल्या सासूबद्दल असा प्रश्न विचारला की लेखिका खुर्ची उचलून तिच्याजवळ जाऊन बसल्या. पुढचा पाऊण तास त्या दोघी बोलत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. देवाने मला त्या दिवशी गप्प बसायची बुद्धी दिली, त्याबद्दल त्याचेही आभार.

गर्दी पांगल्यावर ती टेबलापाशी आली. नव्या पुस्तकांतलं सगळ्यात जाड तिने निवडलं. मला एवढा आनंद झाला की पेन सापडेना.

"कदी आणू परत?"

पंधरा दिवसांचा नियम माझाच आहे, भिंतीवर लावलेला. "तुझं वाचून होईल तेव्हा आण," मी म्हणाले.

चौथीत असताना तिच्यासाठी कोणीतरी तिच्या बापाला सांगायला हवं होतं, की पोरीचं शिकून होऊ दे. तेव्हा तिची बाई मीच होते, आणि मी तिच्या घरी गेले नव्हते.