होट्टलच्या देवळाला तीन पूर्ण फेरे

कादंबरी घडते ती जागा आधी बघावी, हे मला दोनशे बारा पानं लिहून झाल्यावर सुचलं. शेवटच्या प्रकरणात माझी नायिका कमल जिवाच्या आकांतानं होट्टलच्या देवळाभोवती तीन फेरे धावते, मागे तिची जमीन लाटायला निघालेला दीर, आणि तिसऱ्या फेऱ्याला तो बारवेत कोसळतो. संपादकबाई म्हणाल्या, "शेवट पटत नाही. महिनाभरात बदला, नाहीतर पुस्तक राहू द्या." चूक माझी असेल असं काही मला वाटलं नाही. मी बॅग भरली.

लातूरला सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन निलंगा रस्त्यानं खरोशाच्या लेण्यांकडे निघालो. पाणी सोबत घ्या. माझं चौथं प्रकरण इथंच घडतं, आणि त्यात 'काळाकभिन्न पाषाण' सतरा वेळा आला आहे. लेणी तांबूस जांभ्याची निघाली. शेजारी शेळ्या राखणाऱ्या आजोबांना विचारलं, इथं काळा दगड कुठं आहे? "न्हाई बा," ते म्हणाले, "लागतच आसंल तर दुसरीकडून आणा."

दुसऱ्या दिवशी उदगीरवरून देगलूर, तिथून रिक्षानं होट्टल. परतीचंही आधीच बोलून घ्या, तिथं दुसरी रिक्षा मिळत नाही. सिद्धेश्वराचं देऊळ मात्र खरंच बघण्यासारखं निघालं. भिंतीवर कोरलेल्या सुरसुंदरी इतक्या ऐटीत उभ्या आहेत, की माझी वर्णनं मलाच ओशाळवाणी वाटली.

तरी फोनवर वेळ लावून मी देवळाभोवती पळू लागलो. शास्त्र म्हणून. ओट्यावर बेल निवडत बसलेल्या एका मावशींनी पहिल्याच फेऱ्याला हटकलं. देगलूरच्या किराणा दुकानदारीण, दर सोमवारी येतात.

"भाऊ, पन्हाळ वलांडली की तुम्ही. म्हादेवाला पुरा फेरा आसतो का?"

मी जागीच थांबलो. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हाळ ओलांडायची नाही, तिथून माघारी फिरायचं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. टेबलाशी बसल्यावर तेवढं विसरलो होतो. मावशींना कमलची सगळी गोष्ट सांगितली.

"मंग ती पन्हाळीपासून माघारी फिरंल," त्या म्हणाल्या.

"पण मागून दीर येतोय."

"येऊ द्या की. समोरासमोर गाठ पडंल. बोलंल ती त्याला. लई पळवून राहिलात तिला."

नांदेडहून गाडीनं घरी आलो आणि त्याच दिवशी शेवट नव्यानं लिहायला घेतला. कमल पन्हाळीपाशी पोचली, वळली, दिरासमोर उभी राहिली. आज आठवडा झाला, ती तशीच उभी आहे. ती काय बोलेल ते मला माहीत नाही. मागची सगळी पानं चाळून पाहिली. तिच्या केसांवर अडीच पानं आहेत, डोळ्यांवर चार, आणि तिच्या तोंडी एकही वाक्य नाही.

संपादकबाईंना कळवलंय, शेवट तयार आहे, पण पहिल्या पानापासून पुन्हा लिहावं लागेल.