तोफेतली हाक

आर्वीत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. दिवसभर खिळे, पाइप आणि गिऱ्हाइकांची घासाघीस... त्यात भुताखेतांना जागा कुठून असणार? कुणी असलं काही सांगू लागलं की मी तोंडावर हसायची. आता ऐकून घेते.

माझं माहेर वर्धा नदीच्या काठावर. गावात जुनी गढी आहे. तिचा नदीकडचा एकच बुरूज शाबूत आहे आणि त्यावर एक लोखंडी तोफ पडून असते. बुरुजाला लागूनच महादेवाचं हेमाडपंती देऊळ. गावाची रीत अशी – लेक सासरी निघाली की आधी देवळात पाया पडते, आणि तेवढ्यात तिची आई बुरुजावर जाऊन तोफेच्या तोंडात तिच्या नावानं हाक मारते. लेकीनं ओ द्यायची नाही, मुकाट्यानं निघायचं. ओ दिली की हाक फिटली. नाही दिली तर ती उरते, आणि लेकीला परत आणते.

मी आईला चिडवायची, "दुश्मन सोडून तोफ माह्यावरच काऊन वं?"

मागच्या हिवाळ्यात आई गेली. त्यानंतर पहिल्यांदाच माहेरी राहून परत निघाले होते. भर दुपार. धाकटी वहिनी माझी पिशवी धरून देवळाबाहेर उभी होती. मी गाभाऱ्यात वाकले आणि वाटलं, आता आपल्याला हाक मारणारं कुणी उरलं नाही.

आणि तेवढ्यात –

"बेबे, येजो वं!"

तोच तोफेतला घुमारा, हाकेमागून आईचा तोच खोकला. माझ्या तोंडून निघून गेलं, "ओ, आई!"

बुरुजावर धावले. कुणी नाही. तोफेत नुसता वाळलेला पाला. मागून वहिनी धापा टाकत आली.

"ताई, तुमी कोनाले ओ देल्ली?"

"तुले हाक नाई आली?"

"नाई तं. तुमचाच आवाज आला."

ओ देऊन बसले, आता आईची हाक संपली, एवढंच सांगू शकले आणि तिथेच रडत बसले. वहिनीनं मला देवळाकडे पाठवलं, पदर खोचला आणि तोफेत वाकून ओरडली, "ताई, येजा!" यावेळी मी तोंडावर हात दाबून बसपर्यंत गेले.

मुलगा म्हणतो, वारा असेल. वाऱ्याला माझं लाडाचं नाव कसं ठाऊक? वहिनीच्या हाकेवर मी सणावाराला जाते, ती काही कमी पडू देत नाही. पण देवळात मी जरा जास्तच रेंगाळते... आणि हळूच म्हणते, चुकून देल्ली वं ओ, आई. ती हिशेबात धरू नको.