माझा खल, तिची पावडर
तिची पावडर माझ्या पावडरीपेक्षा जास्त उजळायची आणि ते मला सहन होत नव्हतं. इतकी वर्षं झाली, आता खोटं कशाला बोलू?

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. बनारसमध्ये मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते. काम एका पिवळट पावडरीचं. तिच्यावर निळा उजेड टाकला की ती पिवळा उजेड देते. निळ्या एलईडीवर तिचा लेप दिला, की तो निळा आणि हा पिवळा मिळून पांढरा उजेड होतो. परदेशात असे दिवे निघाले होते. आमचे सर एका परिषदेहून निळी चिप घेऊन आले होते, एकच. ज्या पावडरीचा उजेड चांगला, तिचाच लेप त्या चिपेवर द्यायचा असं त्यांनी ठरवलं. म्हणजे माझ्याच पावडरीचा, कारण तीन वर्षं मी एकटीच तर पावडर घोटत होते.

मग ती आली. वडिलांची बँकेतली बदली नागपूरहून झाली म्हणून ती आमच्या प्रयोगशाळेत. माझ्याहून चार वर्षांनी लहान. आल्या दिवसापासून मला ‘ताई’ म्हणायला लागली. तिचं मराठीही माझ्यापेक्षा चांगलं. आम्ही दूधविनायक मोहल्ल्यातले मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या काशीत, आमच्या बोलण्यात निम्मी हिंदी. ती तोंड उघडायची आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

महिन्याभरात तिची पावडर निळी काच लावलेल्या दिव्याखाली हळदीसारखी झळझळू लागली. माझी मात्र मरगळलेली. मी भट्टीला दोष दिला, मग रसायनांच्या बाटल्यांना, मग वीजपुरवठ्याला. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला तेव्हा कोणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी बोलणं सोडलं असतं. सरांनी तिला एखादी गुप्त युक्ती सांगितली असणार, असं मी मनाशी पक्कं केलं.

सर नेहमी सांगायचे की लोखंड हा या पावडरीचा वैरी, त्याचा अंश जरी मिसळला तरी उजेड मरतो. मी ते इतकं मनावर घेतलं होतं की केसातल्या पिनासुद्धा दाराबाहेर काढून ठेवायचे. आणि ती आल्यावर मी माझा खल वेगळा केला. माझ्या खलाला तिने हात लावायचा नाही. आमच्याकडे देवाची भांडी संकठा घाटावरच्या मातीने घासतात, चकचकीत निघतात. मी त्या मातीची पुडी घरून आणायचे आणि रोज सकाळी खल घासून लख्ख करायचे. तिचा खल डागाळलेला दिसायचा, ते बघून तेवढंच बरं वाटायचं.

एकदा ती जवळ येऊन उभी राहिली. “ताई, तुम्ही खल ॲसिडने धूत नाही का?”

“भांडी कशी साफ करायची, ते तू मला शिकवणार?” मी म्हणाले. “आमच्या घरी तीन पिढ्या देवपूजा चालत आली आहे.”

ती आपल्या खलाकडे वळली. पुन्हा तिने विचारलं नाही.

सरांनी दोन्ही पावडरी दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवल्या. तिची उचलली. चिपेवर लेप तिनेच दिला, जीभ दातात धरून. खिडक्यांवर काळे पडदे ओढले. सर मला म्हणाले, “बॅटरी तुम पकड़ो. तुम सीनियर हो.”

बॅटरीच्या दोन तारा माझ्या हातात आल्या. उलट्या लावल्या तर असली नाजूक चिप जळून जाते, हे मला ठाऊक होतं. अंधार होता. चूक झाली म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. मी क्षणभर थांबले, खरंच थांबले. मग तारा सरळ लावल्या, त्याही चांगुलपणाने नाही, सर शेजारी उभे होते म्हणून.

उजेड झाला, पांढरा, थोडा निळसर. सगळ्यात आधी माझीच बोटं दिसली. नखांच्या कडेला सकाळची माती अडकली होती, तांबूस पिवळी. मातीला तो रंग कशाने येतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. लोखंडाने. पिना दाराबाहेर ठेवून मी रोज घरून पुडीत लोखंड बांधून आणत होते आणि स्वतःच्या हाताने खलात रगडत होते. आणि ती मला ॲसिडचं विचारायला आली होती, लोखंड धुऊन काढणाऱ्या ॲसिडचं.

दिवा थरथरायला लागला.

“ताई, हात हलतोय तुमचा,” ती हळूच म्हणाली.

नखं मुठीत लपवावीशी वाटत होती. पण तारा सोडल्या असत्या तर तिचा दिवा विझला असता, म्हणून तशीच धरून उभी राहिले.