कपाळापर्यंतचा फोटो

सुरतच्या उधन्यात साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं मी घरच्या कॉम्प्युटरवर बनवतो. एका सकाळी डिस्कचे भाग कमी-जास्त करायला गेलो आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. आत अकरा वर्षांचं काम होतं. मी दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं.

दुरुस्तीवाला पन्नाशीचा, आमच्याच खानदेशाकडचा. त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. कशालाही हात लावण्याआधी त्याने रुमालाने एकेक बोट पुसलं. मग विचारलं, "शेवटचं काय केलं? खरं सांगा भाऊ."

"काही नाही," मी म्हणालो. तो नुसता बघत राहिला, तेव्हा मी सगळं कबूल केलं.

"त्यावर नवीन काही टाकलं?"

"नाही."

"मग आहे सगळं. कुठे काय ठेवलंय ती यादी तेवढी गेली."

दोन तासांनी एकेक डिझाइन दिसू लागलं. मी आनंदाने बोलून गेलो, "तुमच्या घरचं तर काही हरवतच नसेल!"

वायर गुंडाळत तो शांतपणे म्हणाला, "बायको वारली, तिचे सगळे फोटो कॉम्प्युटरमधी होते. तो सुरू होईना, म्हणून मीच डिस्क पुसून सगळं नवं टाकलं. तेव्हा कापडाच्या लूमवर कामाला होतो, यातलं काही कळत नव्हतं. हे काम नंतर शिकलो, ते फोटो शोधायलाच."

मी विचारलं, "सापडले?"

"एक. कपाळापर्यंत दिसते. खाली नुसता राखाडी रंग."

तो जिना उतरून गेला. परत मिळालेली डिझाइनं समोर होती, पण त्यांच्याकडे बघायला मला लाज वाटत होती.