अझोल्याचा हौद आणि उत्तर ध्रुवाचा गाळ

अण्णा गेल्याचा फोन लातूरहून आला तेव्हा मी देवणीत, गोठ्यामागच्या हौदातून गुरांसाठी अझोला, पाण्यावर तरंगणारा हिरवा चारा, काढत होतो. खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी मला चाळणी आठवली.

अण्णा, माझा थोरला भाऊ, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. उत्तर ध्रुवाच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळाचे चिमूटभर नमुने त्याच्याकडे यायचे. थरावर थर बसलेला गाळ, जितका खोल तितका जुना. सुट्टीत गावी आला की ओसरीवर सूक्ष्मदर्शक मांडून बसायचा. एकदा म्हणाला, "शिवा, तो समुद्र कोट्यवधी वर्षांमागं चहूकडून जवळजवळ बंद होता. वर गोडं पाणी साचलं अन् त्यावर अझोला माजला. आपल्या हौदातल्यासारखाच."

"मंग तिकडली गुरं लई दूध देत असतील," मी म्हणालो. तो कितीतरी वेळ हसत राहिला... त्या थरातले अझोल्याचे बीजाणू मोजण्यातच त्याची उमेदीची वर्षं गेली.

गाळ चाळायच्या चाळण्या फक्त बाटलीतल्या शुद्ध पाण्यानं धुवायच्या, हा त्याचा दंडक. एका उन्हाळ्यात बोअर आटलेली, अण्णा दुपारचा आडवा झालेला. तेवढीच मदत म्हणून मी चाळण्या हौदातच खळबळल्या, वाळवून जागेवर ठेवल्या. संध्याकाळी त्यानं त्यातूनच गाळ चाळला. आपण काय करून बसलो ते मला फार उशिरा उमगलं. हौदातला अझोला त्या गाळात गेला असेल तर अण्णाचं सगळं कामच खोटं पडणार होतं. सांगायची छाती झाली नाही, आणि आता सांगायला माणूसच उरला नव्हता.

महिन्याभरानं त्याची विद्यार्थिनी पल्लवी घरी आली. त्याचा अर्धा राहिलेला लेख ती छापायला पाठवणार होती. मी म्हणलं, "थांब पोरी, पाठवू नको." आणि सगळं सांगून टाकलं.

तिनं पिशवीतून अण्णाची वही काढली, त्या उन्हाळ्याचं पान उघडलं. 'ताजा अझोला सापडला. सगळे नमुने बाद, पुन्हा मागवणे. चाळणी मी नीट धुतली नाही.'

"काका, सर आम्हालाही हेच सांगायचे. माझ्या आळसापायी वर्ष वाया गेलं म्हणायचे."

आळशी, आणि अण्णा? त्या उन्हाळ्यानंतर दर सुट्टीत तो शुद्ध पाण्याची बाटली माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "शिवा, चाळण्या तूच धू बाबा. मला न्हाई जमत."