भावाची कॉफी आणि न सांगितलेलं दुखणं

मैत्रिणींनो, सकाळपासून डोक्यात गोंधळ आहे.

माझा धाकटा भाऊ चिखलदऱ्याला कॉफी पिकवतो. आज तो प्रताप नगरला माझ्या घरी आला, तो तोंड पाडूनच.

"काहून गा, काय झालं?"

"ताई, मी गुपचूप तणनाशक मारलं. गटाले समजलं. आता तोडणीले कोणीच येत नाही. फळं गळून राहिली."

त्यांच्या शेतकरी गटानं ठरवलंय, गवत हातानंच कापायचं. तोडणीलाही सगळे आळीपाळीनं एकमेकांच्या मळ्यात जातात.

"मग मारलं कशाला?"

"पाठ लई दुखते. वाकताच येत नाही."

"गटाले सांगितलं?"

"लाज वाटली."

मीच त्याच्या मळ्याशेजारच्या, गटातल्या काकूंना फोन लावला. त्या आधी चिडल्या, मग त्याच्या पाठीचं ऐकून नरमल्या. म्हणाल्या, "दुखते तर सांगाचं ना वं! आम्ही कापलं असतं त्याचं गवत. उद्या येतो तोडाले."

भाऊ हलक्या मनानं परत गेला. मी मात्र अडकून पडलेय. या माणसांच्या धाकानं त्याची माती इतकी वर्षं विषापासून वाचली. मग त्यांनाच पाठदुखी सांगणं त्याला इतकं जड का गेलं?

तुम्ही सांगता का हो आपल्या माणसांना?